शिक्षा भोगल्यानंतरची बंदूक

कल्याणचे आमचे एक जुने स्नेही गेल्या महिन्यांत डोंबिवलीस आमच्या घरीं आले ते एक अर्ज लिहून घेण्यासाठीं. मुरबाडकडे त्यांची भातशेती आहे. रानडुकरें एका रात्रींत पिकाची नासाडी करितात. म्हणून वडिलांच्या वेळेपासून त्यांच्याकडे परवान्याची दुनळी बंदूक असे. पुढें एका संस्थेच्या रकमेंत अफरातफर केल्याबद्दल त्यांस कैद झाली, परवाना रद्द झाला, बंदूक विकावी लागली. शिक्षा संपून आतां सहा वर्षें झालीं.

१९५९ च्या शस्त्र कायद्याचें नववें कलम आम्हीं त्यांस वाचून दाखविलें. हिंसेच्या अथवा नैतिक अधःपाताच्या अपराधाबद्दल ज्यास कैद झाली, त्यास शिक्षा संपल्यापासून पांच वर्षें शस्त्र बाळगतां येत नाहीं. मारणारा आणि फसविणारा यांस कायद्यानें एकाच ओळींत बसविलें आहे, हें खरें; परंतु पांच वर्षांनीं ती बंदी उठते. अमेरिकेंत १९६८ च्या कायद्यानें अशी बंदी बहुधा जन्मभराची. तेथें १९९५ सालीं अन्नसाहाय्यासाठीं उत्पन्नाची खोटी माहिती दिलेल्या एका गृहस्थास बंदुकीसाठीं न्यायालयांत झगडावें लागलें. फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयानें २०२३ सालीं व पुन्हा २०२४ च्या डिसेंबरांत त्याच्या बाजूनें निकाल दिला. आपल्याकडे शस्त्र हा हक्कच नव्हे. १९३१ च्या कराची काँग्रेसनें तो मान्य केला होता. १९४८ सालीं हरि विष्णु कामथांनीं घटनासमितींत तशी सूचना मांडली, ती नामंजूर झाली. बंदी उठली तरी परवाना मिळेलच असें नाहीं. पोलीस चौकशी व्हावयाची ती होतेच.

स्नेही गेल्यावर आमच्या कुटुंबानें विचारलें, "तिजोरीच्या किल्ल्या द्याल का त्यांच्या हातीं?" नाहीं देणार, हें आम्हीं कबूल केलें. बंदूक मात्र देऊं. त्यांचा हात पैशावर घसरला, माणसावर कधीं उगारला गेला नाहीं. तथापि एक गोष्ट आम्हीं त्यांस बोललों नव्हतों. तुरुंगांतून आल्यावरचें पहिलें वर्ष ते दार लावून बसत, जेवतही नसत. त्या दिवसांत घरांत बंदूक नव्हती याचें आम्हांस फार बरें वाटलें होतें.

दुसऱ्या दिवशीं ते पुन्हा आले. पूर्वीं शिक्षा झाली आहे काय, या प्रश्नापाशीं त्यांची लेखणी थांबली. "हें कोरें ठेवलें तर?" त्यांनीं विचारलें. आम्हीं मान हलविली. मग त्यांनीं न्यायालयाचें नांव, कलम, मुदत सारें स्वतःच्या अक्षरांत लिहिलें, आणि शुद्धलेखन तपासण्यासाठीं कागद आमच्याकडे सरकविला. अर्ज ठाण्यास पोलीस आयुक्तांच्या कचेरींत गेला आहे. शेतांत सध्यां रात्रीं डबे वाजवितात.