“तुमच्या एकट्याचीच तक्रार आहे!”

आमच्या दारात चारचाकी उभी राहील असे आमच्या घरात कोणालाही वाटले नव्हते. माझे सासरे, त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, महानगरपालिकेच्या सफाई खात्यात आयुष्यभर राबून निवृत्त झाले. त्यांच्या फंडातले पैसे, आमच्या ह्यांनी कारखान्याच्या पतपेढीतून काढलेले कर्ज आणि राहिलेल्या रकमेचा बँकेचा हप्ता, असे करून २०२१ साली आम्ही सात माणसांची मोठी गाडी घेतली. चैत्यभूमीला, महाडला जायचे, नणंदेकडे जायचे, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचे तर एसटीची आणि रिक्षावाल्याची मिनतवारी नको, एवढाच विचार.

शोरूममधल्या मुलाने चाकाखाली लिंबू ठेवायला घेतले. आप्पांनी त्याचा हात धरला. “बाळा, आमच्यात हे नसतं,” म्हणाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या आप्पांना तोंडपाठ आहेत. घरी आल्यावर आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले आणि शेजारीपाजारी खीर वाटली. मला फार अभिमान वाटला. पण चाकाखालचे लिंबू काढले म्हणजे डोक्यातली अंधश्रद्धा गेली असे नव्हे, हे मला पुढे कळले.

वर्षभराने माझा मोठा मुलगा म्हणू लागला, “आई, ब्रेक दाबला की पाय हळूहळू खालीच जातो.” गाडी वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या साहेबाने एक फेरी मारली आणि सांगितले, “या गाडीचा ब्रेक असाच असतो. तुम्हाला मोठ्या गाडीची सवय नाही.” दोन महिन्यांनी पुन्हा गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी सोबत होते. साहेब हसून म्हणाला, “ताई, तुमच्या एकट्याचीच तक्रार आहे. दुसरं कोणीच काही म्हणत नाही.”

आम्ही गप्प बसलो. खरे सांगते, मला लाजच वाटली. पहिलीच गाडी, आपल्यालाच कळत नसेल, असे वाटले. टाय लावलेला माणूस सांगतो ते खरेच असणार, असे मानून आम्ही घरी आलो. लिंबाला नाही म्हणणारे आम्ही, टायपुढे मान तुकवून आलो.

२० मार्च २०२३ रोजी चवदार तळ्यावर अभिवादनाला निघालो. सात जणांच्या गाडीत लहान-मोठे धरून नऊ जण. मागच्या सीटचे पट्टे गादीखाली कोंबलेले. ताम्हिणी घाट उतरताना मुलाचा चेहरा एकाएकी पांढरा पडला. ब्रेकवर दिलेला पाय थेट तळाला टेकला होता. पोरगा शहाणा, ओरडला नाही. गिअर दोनवर, मग एकवर आणला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गेला आणि डोंगराच्या बाजूला गाडी मुरमात घातली. दुसऱ्या बाजूला दरी होती. माझ्या मांडीवर दिराची तीन वर्षांची मुलगी झोपली होती. ती उठलीसुद्धा नाही. मी मात्र अर्धा तास उभी राहू शकले नाही.

गाडी ओढून वर्कशॉपला नेली. साहेबाचा पहिला प्रश्न, “नऊ माणसं बसवली होती ना?” होती. ती आमची चूक आणि ती मी लपवत नाही. जादा वजनाने उतारावर ब्रेकवर जादा भार येतो. पट्टे न लावणे हीसुद्धा आमचीच चूक. २०२२ साली पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा मागे बसणाऱ्यांनी पट्टा न लावल्याची चर्चा देशभर झाली. आम्ही ती ऐकली आणि विसरलो. पण पहिली तक्रार केली तेव्हा गाडीत तिघेच होते, त्याचे काय?

तेव्हा आप्पा म्हणाले, “आधीचे कागद काढ.” आप्पा चौथी शिकलेले. त्यांनी तिन्ही जॉबकार्डे अक्षर लावून वाचायला सांगितली. तिन्हींवर एकच मजकूर, ‘सर्वसाधारण तपासणी’. ब्रेक हा शब्दच कुठे नव्हता! तीन वेळा ओरडून सांगितले ते हवेत गेले होते आणि खाली आमच्याच सह्या होत्या.

त्याच दिवशी बाकावर आणखी दोन गाड्यांचे मालक बसले होते, एक शाळामास्तर आणि एक भाजीचे व्यापारी. गाडी आमच्यासारखीच, दुखणेही तेच. दोघांनाही सांगितले होते, “तुमच्या एकट्याचीच तक्रार आहे.” तिघांनी एकमेकांचे कागद पाहिले आणि तिघांची मान एकदम वर आली.

मग आम्ही मराठीत अर्ज लिहिला. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला, काय झाले, ते सगळे. पोच घेतली. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. तीन गाड्यांचे तीन अर्ज एकाच दिवशी गेले. आठ दिवसांत कंपनीचा इंजिनिअर आला. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधले रबरी सील आतून गळत होते, म्हणून दाब टिकत नव्हता. वॉरंटीत नवा सिलिंडर बसवला आणि या वेळी जॉबकार्डावर तसे स्पष्ट लिहून घेतले.

पुढे माहिती काढली तेव्हा कळले की कायदा आपल्या बाजूला बराच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मुदत दोन वर्षांची. गाडी भाड्याने चालवून स्वतःचे पोट भरणारा ड्रायव्हरही ग्राहकच असतो. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात सुधारणा झाली. एकाच प्रकारच्या गाडीबद्दल ठरावीक प्रमाणात मालकांनी केंद्र सरकारकडे दोष कळवला, तर सरकार त्या गाड्या परत बोलवायला कंपनीला भाग पाडू शकते. म्हणजे कायदाच सांगतो, तक्रारी एकत्र करा!

आणि एकटा माणूसही जिंकतो. ह्युंदाई क्रेटा गाडीच्या एका मालकाचा २०१७ साली दिल्ली-पानिपत रस्त्यावर अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२२ साली न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. धडकेचा वेग आणि जोर मोजायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असे न्यायालयाने बजावले. मला त्या दिवशीचा साहेब आठवला.

कालाम सुत्तात भगवान बुद्धांनी सांगितले आहे की केवळ परंपरा आहे म्हणून किंवा मोठा माणूस सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून घ्या. ही गाथा विहारात ऐकून घरी यायची नसते, वर्कशॉपच्या काउंटरवरही ती सोबत न्यायची असते. माझ्या बहिणींना मी एवढेच सांगेन. गाडी असो, मिक्सर असो की गॅसची शेगडी, तक्रार तोंडी करू नका. आपल्या शब्दांत लिहून घ्या, वाचल्याशिवाय सही करू नका, कागद जपा, आणि शेजारच्या बाकावरच्या माणसाला विचारा, “तुमचंही असंच होतं का?”

यंदा महाडला पुन्हा जाऊ. गाडीत सात जण, सातही जणांना पट्टे. उरलेल्या दोघांसाठी एसटी आहेच.

जयभीम!