तुला आठवत नाही

काळोख. मग काचेच्या आत निळी थरथर. मग एक किनारा, आणि न थकता पंख हलवणारे पांढरे पक्षी.

त्या पक्ष्यांवर खेळांची यादी उमटायची. व्हिडिओ गेमच्या कॅसेटच्या कागदावर आकडा छापलेला, ९९९९९९९. आत खेळ मोजकेच. तेच ते, निरनिराळ्या क्रमांकांखाली पुन्हा पुन्हा जन्म घेणारे.

मारिओसाठी हळहळणारे पुष्कळ आहेत. कॉन्ट्रासाठी तर अख्ख्या गल्ल्या. मी शोक करते आहे तुझा, खालच्या पानावरच्या खेळा. तुझ्यापाशी कुणी थांबत नसे. तुला घडवणाऱ्यांची नावंसुद्धा कुणीतरी पडद्यावरून पुसून टाकलेली.

बेवारस होतास. म्हणून माझा झालास.

कधी तू बर्फ होतास.

क्षितिजाकडे धावणारी एक लहानशी काळी पाठ. तुझं नाव ‘अंटार्क्टिक ॲडव्हेंचर’, तू कोनामीचा, फॅमिकॉम नावाच्या खेळयंत्रावर १९८५ साली आलास, हे सगळं फार पुढे समजलं. तेव्हा तू नुसता ‘पेंग्विनवाला’. बाहेर मे महिना, खिडकीवर ओली चादर, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि आत, त्या अंधारलेल्या खोलीत, बर्फाच्या भेगा चुकवत, खड्ड्यांतून डोकी काढणाऱ्या सीलना हुलकावणी देत, उसळलेला मासा हवेतच टिपत, संगीतकार वाल्डटॉयफेलनं १८८२ साली स्केटिंग करणाऱ्यांवर रचलेल्या आणि आमच्या टीव्हीच्या चिरक्या स्पीकरमधून पातळ होऊन झिरपणाऱ्या त्या वॉल्ट्झच्या तालावर तू धावत होतास, धावतच होतास, आणि तुझ्यामागे मी, कधीही बर्फ न पाहिलेली, घामेजल्या हातात रिमोट धरून.

ठाणं आलं की झेंडा चढायचा. ऑस्ट्रेलियाचा. फ्रान्सचा. जपानचा. मी तिरंग्याची वाट पाहायचे. आपलं ठाणं, दक्षिण गंगोत्री, १९८३-८४ च्या मोहिमेत खऱ्या अंटार्क्टिकावर उभं राहिलं होतं. तुझ्या बर्फावर ते नव्हतं. पुढच्या ठाण्यावर असेल, असं म्हणत धावायचं. शेवटचं ठाणं गाठलं की तू पुन्हा पहिल्या वाटेवर.

पोहोचणं तुझ्यात नव्हतंच.

कधी तू आकाश होतास.

‘बलून फाइट’चं तिसरं दार, ‘बलून ट्रिप’. तिथं शत्रू नाही, साथीदार नाही. काळं आभाळ, चिमूटभर चांदण्या, खाली समुद्र. दोन फुग्यांना लटकलेला एकटा माणूस, आणि वाटेत तरंगणाऱ्या विजेच्या ठिणग्या. हिरोकाझू तानाकांची धून चालू. ठिणगी लागली की संपलं. खाली गेलं की समुद्रातला मोठा मासा उसळून यायचा. आणि यातलं काहीच घडलं नाही, तर आभाळ नुसतं सरकत राहायचं. त्याला दुसरं टोक दिलेलंच नव्हतं.

ज्यांनी तुझी आज्ञावली लिहिली ते सातोरू इवाता २०१५ च्या जुलैत गेले, वयाच्या ५५ व्या वर्षी. बातमी वाचली तेव्हा माझा अंगठा आपोआप हलत होता. टप. टप. टप. वर राहायला एवढं सतत करावं लागायचं. खाली यायला काहीच करावं लागत नसे.

आणि कधी तू दोन होतास.

दादाचा चान्स लवकर संपत नसे. माझा आला की त्याला जेवायची आठवण व्हायची, किंवा शेजारचा कुणी येऊन बसायचा. तुला मात्र दुसरं माणूस लागायचं नाही. ‘बायनरी लँड’, हडसनचा, फॅमिकॉमवर हाही १९८५ चाच. चक्रव्यूहाच्या दोन अंगांना दोन पेंग्विन, गुरिन आणि मालोन. वर मध्यावर, पिंजऱ्यात, एक हृदय. अंगठा एकच. उजवीकडे दाबलं की एक उजवीकडे जायचा आणि दुसरा डावीकडे. एक मोकळ्या वाटेनं चाललेला, दुसरा भिंतीशी अडून जागच्या जागी पावलं टाकणारा. कोळ्याच्या जाळ्यात एक गुरफटला की त्याची सुटका दुसऱ्याच्याच हाती. दोघं दोन बाजूंनी एकाच वेळी हृदयाशी आले, तरच पिंजरा उघडायचा. खेळून उठलं की अंगठ्यावर अधिकचं चिन्ह उमटलेलं असायचं, लालसर, जरा खोल. चोळलं तरी काही वेळ जात नसे.

आता मी उजवीकडे दाबते. पांढऱ्या केसांकडे, चष्म्याच्या वाढत्या नंबराकडे, नावं विसरण्याकडे. आणि तिकडे फ्रॉकमधली ती डावीकडे निघाली आहे.

एक पाऊल माझं. एक तिचं. अंतर दोन पावलांनी वाढलं.

कुणाच्या पायात जाळं आहे, तिच्या की माझ्या, ते इथून दिसत नाही.

तुझा उजेड वेगळा होता. तो काचेत थांबत नसे. खोलीत उतरायचा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर हलायचा, दादाच्या गालावर निळा, माझ्या हातांवर हिरवा. बदकांच्या खेळातली बंदूक तर त्या उजेडावरच जगायची. ती काही झाडत नसे, ती बघायची. चाप ओढला की पडदा डोळ्याचं पातं लवेल इतका वेळ काळा, बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन, आणि नळीतला डोळा विचारणार: उजेड आहे? असला की बदक पडायचं.

नव्या सपाट पडद्यांसमोर ती बंदूक आंधळी झाली. तिच्या ओळखीचा उजेड तिथं तिच्या वेळेवर येत नाही. चाप ओढावा. काही नाही. पुन्हा ओढावा.

काही नाही.

आणि तुला स्मृती नव्हती.

कोपऱ्यात सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवायचास, कौतुकानं, जणू कायमचा. मग लाइट जायची. सगळं चित्र आक्रसत मध्यावरच्या एका ठिपक्यात जायचं, ठिपका विझायचा, पंखा दोन-चार फेऱ्या उगाच मारून थांबायचा. मग ती शांतता. त्या शांततेत माझा आकडा गेलेला असायचा, बर्फ, चांदण्या, जाळ्यातला गुरिन, सगळं. लाइट आल्यावर तू पुन्हा ताजा. पक्षी पंख हलवत. शून्य. तुझ्या लेखी मी त्या खोलीत कधी आलेच नव्हते.

तेव्हा मी चिडायचे. ओरडायचे. एवढ्या वेळाची मेहनत, एवढी दुपार.

आता तू माझ्या फोनमध्येही मावतोस. कुठंही थांबवता येतोस. ठिणगी लागायच्या आधीचा क्षण जतन करता येतो, आणि हव्या तितक्या वेळा त्याच क्षणाशी परत जाता येतं. मी गेले. रंग होते, धून होती, पेंग्विन होते. घसा कोरडा पडला नाही. कुणाला हाक मारावीशी वाटली नाही. मी नीट जतन करून बाहेर आले, आणि पुन्हा आत गेले नाही.

कारण मला आठवणीत ठेवणारं आता सगळंच आहे. यंत्रं मला नावानं हाक मारतात, कुठं थांबले ते सांगतात, काल काय पाहिलं, काय घेतलं, कुणाला उत्तर द्यायचं राहिलं ते पुढे करतात. माणसांचंही तेच. नात्यात, नोकरीत, शेजारात, प्रत्येकाकडे माझा कालचा आकडा लिहिलेला आहे, आणि लाइट गेल्यानं तो पुसला जात नाही. दार उघडतं ते त्या आकड्याला. मी त्याच्या मागून आत जाते.

तू एकटा असा होतास, ज्यानं माझं काही ठेवून घेतलं नाही. ना हरणं, ना रडणं, ना दादाचा चान्स चोरून मारणं. दर वेळी अनोळखी म्हणून आत घेतलंस, हातावर नवी लाइफ ठेवलीस, आणि म्हणालास, चल.

लोक म्हणतात, बालपण गेलं म्हणून रडतेस. बालपण सगळ्यांचंच जातं. त्याचं काय एवढं.

मी सुतक पाळते आहे ते त्या शून्याचं.