फळीखालचा पत्रा

आमची डॅटसन बघायला तो पोरगा शनिवारी असरनंतर आला. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, बॉनेट उघडून १,१७१ सीसीचं ते छोटंसं इंजिन पाहिलं, एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "पंचेचाळीस हजार रँड. सोमवारी पैसे घेऊन येतो." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. गिऱ्हाईक घासाघीस करत नाही तेव्हा आनंद होण्याऐवजी पोटात काहीतरी हलतं.

केपटाऊनमध्ये अशा गाडीला बक्की म्हणतात. पुढून साधी मोटार, मागे उघडा हौदा. १९९८ साली आम्ही खेडहून इथे मामूंच्या दुकानात कामाला आलो, तेव्हा आम्हाला ते 'बाकी' ऐकू यायचं. मामू पहाटे फजरनंतर हाक मारत, "बक्की काढा!" आणि आम्हाला वाटे, आल्या आल्या हे कसली बाकी मागतायत?

मामूंचं लहानपण डिस्ट्रिक्ट सिक्समधलं. ११ फेब्रुवारी १९६६ ला सरकारने ती वस्ती फक्त गोऱ्यांसाठी असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षांत साठ हजारांवर माणसं तिथून हलवली गेली. मामूंचं घर रायलंड्सला आलं. तिथे त्यांनी १९७८ ची ही डॅटसन १२०० घेतली. पहाटे एपिंगच्या बाजारातून फळं आणायची, गल्लीगल्लीत विकायची. हंगामात स्नूक मासाही. तो इथे अजूनही बक्कीच्या हौद्यातूनच विकतात. आमच्या नव्या दुकानासाठी मामूंनी गाडी दिली ती हप्त्याने. शेवटचे चार हप्ते त्यांनी घेतलेच नाहीत. म्हणजे बाकी राहिलीच.

गाडीवर हौस मामूंच्या मुलाने केली होती. बारा इंची चाकं काढून तेरा इंची अलॉय, लाकडी स्टिअरिंग, पांढऱ्याचा गडद हिरवा रंग. मामू म्हणत, "संत्री विकायची गाडी आहे, वरात काढायची नाही." पण धुताना चाकं सगळ्यात आधी तेच पुसत. आम्ही भर घातली ती दोनच गोष्टींची: क्रेट पडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना लाकडी कठडे, आणि हौद्यात प्लायवूडची फळी.

हीच फळी नडली. समुद्राची हवा आणि वर्षानुवर्षं स्नूकचं खारं पाणी यांनी तिच्याखालचा पत्रा खाल्ला होता. दोन ठिकाणी तर हात जाईल एवढी भोकं होती. पोराने फळीवर हात फिरवला, पण ती उचलली नाही.

त्या रात्री जेवताना वाद झाला. कोण काय म्हणालं ते सांगत नाही, आम्हाला अजून एकाच घरात राहायचंय. एकाचं म्हणणं, त्याने विचारलं नाही. एवढ्या जुन्या गाडीला गंज असणारच, हे त्याला कळत नाही का? शिवाय रोडवर्दीची तपासणी आहेच, तिथे निघायचं ते निघेल. आणि मुलीची युनिव्हर्सिटीची फी काय आभाळातून पडणार? दुसऱ्याचं म्हणणं, फळी आपण क्रेटसाठी बसवली हे खरं, पण शनिवारी ती पत्रा झाकायला उपयोगी पडली, हेही खरं.

मामी आमच्याकडेच असतात. मामूंच्या इंतकालानंतर त्या कमी बोलतात. गाडी विकतोय हे त्यांना कसं सांगावं, या विचाराने आम्ही आठवडाभर अडखळत होतो. त्यांना सगळं ऐकू जात होतं. भाकरीचा तुकडा मोडत त्यांनी एवढंच विचारलं, "फळीखालचं दाखवलंत त्याला?"

रविवारी सकाळी फोन केला. पोरगा बॅटरी घेऊन आला. फळी आम्हीच उचलली. तो आडवा होऊन गाडीखाली गेला, पत्र्यावर बोट आपटत राहिला. कपडे झटकत उठला आणि म्हणाला, "नवा पत्रा टाकावा लागेल. छत्तीस देतो." नऊ हजार गेले. आम्ही हो म्हणालो, पण मनापासून नाही. फीचं गणित रात्री परत मांडावं लागलं, ते अजून बसलेलं नाही.

सोमवारी कागद झाले. गाडी नावावरून उतरवायचा फॉर्म आम्ही तिथल्या तिथे भरला, नाहीतर त्याच्या दंडाच्या पावत्या आमच्या दारात यायच्या. चोक ओढून गाडी कशी सुरू करायची, ते मामींनी खिडकीतून त्याला दोनदा सांगितलं. त्याला कठडे नको होते, त्याला गाडी मूळ रूपात हवी. अलॉय चाकं मात्र ठेवणार म्हणाला!

कठडे आता मागच्या अंगणात भिंतीला टेकून आहेत. मामींनी त्यावर मिरच्या वाळत घातल्यात.