दादा, नहरींचा कोर्स छोटा कर

प्रिय दादा,



नहरींवरचं तुझं टिपण एका बैठकीत वाचून काढलं. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आपलं आजचं शहर, वसवली आणि तिच्यासाठी नहर-ए-अंबरी खोदवली, तिथपासून पाणचक्कीच्या नहरीपर्यंत सगळं त्यात आलंय. पण त्याची पीडीएफ करून मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीवर चढवायची म्हणतोस, त्याला माझा विरोध आहे. सिल्लोड-कन्नडकडची पोरं ती डाउनलोड करतील आणि पुन्हा उघडणार नाहीत. वर्गात तू कधी टिपणं वाचून दाखवली नाहीस, प्रश्न विचारत शिकवलंस. कोर्सही तसाच हवा.

आधी शेवट ठरव. कोर्स संपल्यावर मुलाला काय यायला हवं? माझ्या मते एवढंच: पंप नसताना शहराला पाणी कसं मिळालं, हे पाणचक्कीसमोर उभं राहून दुसऱ्याला समजावता यावं. ज्याचा याला उपयोग नाही ते बाजूला काढ. सुभेदारांच्या नेमणुका, दरवाजांची यादी, मकबऱ्याचं प्रकरण. जीवावर येईल, तरी काढ. मग चारच विषय उरतात: डोंगरातलं पाणी जमिनीखाली गोळा करणं, मातीचे नळ, वाटेतले मनोरे आणि पाणचक्की. प्रत्येकात एक पान मजकूर, दोन फोटो, तुझ्या आवाजातली छोटी ध्वनिफीत आणि क्विझ.

खरा जीव क्विझमध्ये ओत. मूडलमध्ये प्रत्येक पर्यायाला फीडबॅकची चौकट असते, आणि बरेच शिक्षक ती कोरी सोडतात. समज, तू विचारलंस की पाणचक्कीचं पाणी एवढ्या उंचीवर कशाच्या जोरावर चढतं, आणि एखाद्याने ‘मोटेने’ निवडलं. त्याला नुसतं ‘चूक’ म्हणू नकोस. लिही: “मोटेला विहीर लागते, बैल लागतात. इथे पाणी डोंगरातून निघतं. उगम उंच की चक्की? नळ बंदिस्त असेल तर पाणी पुन्हा किती वर चढेल?” सेटिंगमध्ये ‘इमिजिएट फीडबॅक’ निवड, नाहीतर क्विझ सबमिट होईपर्यंत मुलाला हे दिसणार नाही. प्रयत्नांवर मर्यादा घालू नकोस. मुलं कुठे घसरतात ते तुला वर्षानुवर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे, आणि ते या चौकटींत तुझ्याइतकं नेमकं दुसरं कुणी लिहू शकणार नाही.

मूडल बनवणारे मार्टिन डूगियामास स्वतः ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात, शाळेपासून दूर, रेडिओवरून शिकत वाढले. पहिली आवृत्ती त्यांनी २००२ मध्ये काढली आणि ती सर्वांसाठी मोफत ठेवली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्याकडेही १९५० मध्ये बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय याच शहरात उघडलं, ते शिक्षणात मागे राहिलेल्या मराठवाड्यासाठी. दूरच्या पोरापर्यंत पोचायचं काम आपलंही आहे.

म्हणून मोठे व्हिडिओ टाळ. मूडलच्या ॲपमध्ये कोर्सचा मजकूर आधी उतरवून नंतर नेटशिवाय वाचता येतो, पण फायली हलक्या असल्या तरच गावाकडच्या रेंजवर ते जमतं. मजकूर मोबाइलवर स्वतः उघडून बघ. संगणकावर नीट दिसणारा तक्ता तिथे हमखास मोडतो.

शेवटी परीक्षा नको, असाइनमेंट दे. बाबा शाह मुसाफिर दर्ग्याच्या आवारात, पाणचक्कीपाशी उभं राहून पाण्याचा प्रवास दोन मिनिटांत सांगायचा आणि रेकॉर्डिंग जोडायचं. ज्यांना शहरात येणं परवडत नाही, त्यांनी आपल्या गावातली बारव किंवा जुनी विहीर घ्यावी. कदाचित त्यातूनच तुला नवं काही कळेल.

चारही विषय एकदम करू नकोस. आधी पाणचक्कीचा एकच विषय तयार कर, ओळखीच्या पाच-सहा पोरांना दे आणि ती कुठे अडतात ते बघ. पुढचं त्यानंतरच लिही. मूडलच्या तांत्रिक अडचणी मी सोडवीन, प्रश्न मात्र तूच लिहायचेस.

तुझी,
धाकटी