निळी रात्र

सेकंड शिफ्ट करून कागल पंचतारांकित एमआयडीसीतून खोलीवर आलो, अंगात कणकण. झोप येईना, म्हणून ‘नोस्फेरातू’ची ब्लू-रे लावली. मूकपट १९२२चा, गोष्ट १८३८ची. पूर्वी पाहिलेल्या कृष्णधवल प्रतीत त्यातलं पिशाच्च भरदिवसा शवपेटी काखोटीला मारून हिंडायचं, हसूच यायचं. मूळ रंगछटा परत दिल्यावर तीच चौकट निळी झाली. म्हणजे रात्र होती तर! आता कुठे अंगावर काटा आला. थोडे ओरखडे राहू दिलेत, बरं केलं.

कोर्टानं नष्ट करायला सांगितलेला सिनेमा हा. तरी उरला. आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२०मध्ये ‘सैरंध्री’ केला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला, की सेन्सॉरनं कापला. तो कुठल्या रंगात असेल?

डिस्क थांबली. भिंतीवर अजून निळा उजेड होता.