दुपारी एकचा सामना

फोर्तालेझा, २९ जून २०१४. नेदरलँड्स-मेक्सिको सामना दुपारी एकला सुरू झाला आणि उन्हामुळे पंचांना दोन्ही सत्रांत खेळ थांबवून खेळाडूंना पाणी पाजावं लागलं. दुसऱ्या थांब्यात डच प्रशिक्षक लुई व्हान गाल यांनी डावपेच बदलले. ८८व्या मिनिटाला स्नायडरचा गोल, भरपाईच्या वेळेत हुंटेलारची पेनल्टी, मेक्सिको घरी. कौतुक प्रशिक्षकाच्या चतुराईचं झालं. मी क्रीडावैद्यक, मला प्रश्न पडला तो दुपारी एकचा.

खेळाडूला ऊन किती बाधेल, हे नुसता पारा सांगत नाही. आम्ही मैदानाच्या कडेला तिपाई लावतो. तिच्यावर तीन तापमापक असतात: एक सावलीतला साधा, एक काळ्या पोकळ गोळ्यातला आणि एक ओली मलमल गुंडाळलेला. मलमल सुकली की आकडा खोटा, म्हणून कुपीतलं पाणी सारखं बघावं लागतं. अंतिम आकड्यात ओल्याचा वाटा ७० टक्के, गोळ्याचा २०, साध्याचा अवघा १०. समजा, मुंबईत दमट दुपारी पारा ३२, ओला २८, गोळा ४८. आकडा येतो ३२.४. नागपुरात कोरड्या उन्हात पारा ४०, ओला २१, गोळा ५८, आकडा ३०.३. वैदर्भीय वाचक रागावतील, पण धावणाऱ्या माणसाला मुंबईच जड.

कारण साधं आहे. स्नायू जाळतात त्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा धावण्याच्या कामी येतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर पडायची तर घाम अंगावर वाळला पाहिजे. दमट हवेत तो नुसताच निथळतो, आणि निथळून गेलेला घाम फुकट. आणि हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. हवामानबदलाची मला धास्ती आहे ती या दमटपणामुळे.

खेळाडू आपोआप जपून खेळतात. ब्राझीलमधल्या त्याच विश्वचषकात जास्त उष्ण सामन्यांत वेगवान धावा घटल्या आणि अचूक पासांचं प्रमाण वाढलं. टीव्हीसमोर आपण म्हणतो, काय रटाळ खेळतायत! पंचांना ही सवलत नाही, चेंडूमागे जावंच लागतं. २०२४च्या कोपा अमेरिकात कॅन्सस सिटीला पेरू-कॅनडा सामन्यात ग्वाटेमालाचे साहाय्यक पंच मैदानातच कोसळले. पुढच्या वर्षी क्लब विश्वचषकात सिनसिनाटीला डॉर्टमुंडच्या राखीव खेळाडूंनी पहिलं सत्र ड्रेसिंग रूममध्ये बसून पाहिलं.

फिफाच्या लेखी पाण्याचा थांबा तिपाईवरचा हा आकडा ३२ झाला की. खेळाडूंची संघटना फिफप्रो म्हणते, २८च्या वर सामनाच पुढे ढकला. मी फिफप्रोच्या बाजूचा. २०२६च्या विश्वचषकासाठी फिफाने हवा कशीही असो, प्रत्येक सत्रात तीन मिनिटांचा थांबा ठेवला. मानेवर गार टॉवेल, दोन घोट पाणी. बरं वाटतं, पण शरीराच्या आतलं तापमान तेवढ्यात फारसं उतरत नाही. प्रशिक्षकांना मात्र आयता टाइमआउट मिळतो.

खरा उपाय घड्याळात आहे आणि ते डॉक्टरच्या हातात नाही. १९९४ची अंतिम लढत पॅसाडेनात भर दुपारी साडेबाराला झाली. २०२६ची न्यू जर्सीत, १९ जुलैला दुपारी तीनला ठरवली. तेव्हा पॅरिसमध्ये रात्रीचे नऊ. रात्री आठला ठेवली तर तिकडे पहाटेचे दोन वाजतील, आणि जाहिरातदार काही जागे राहायचे नाहीत. कतारसाठी याच फिफाने २०२२मध्ये अख्खी स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरात नेली होती. इथे तर पाचच तास सरकायचे आहेत.