डाग कशाचा आहे?

डाग काढायच्या उपायांची यादी कुठेही वाचा, तीच चार-पाच पात्रं भेटतात: लिंबू, मीठ, खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि टूथपेस्ट. डाग हळदीचा असो, बॉलपेनचा असो की सायकलच्या साखळीच्या ग्रीसचा, नाटक कंपनी तीच. आमच्या धंद्यात याच जातीचा एक सल्ला आहे, ‘बंद करून परत चालू करून बघा’. तो कधीकधी लागूही पडतो, पण का लागू पडला ते कुणालाच कळत नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतले की भरपूर फेस येतो आणि काहीतरी जोरदार चाललंय असं वाटतं. प्रत्यक्षात सोडा आणि आम्ल एकमेकांना संपवत असतात. फेस म्हणजे निसटून जाणारा कार्बन डायऑक्साइड. खाली उरतं ते जरासं खारट पाणी. डाग आपल्या जागी असतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. रसायनशास्त्राशी माझा अधिकृत संबंध इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला संपला. डागांचं शिक्षण मात्र त्याच्या बरंच आधी, रावेर तालुक्यातल्या आमच्या घराच्या मोरीत झालं होतं. आईपुढे डागाळलेला कपडा धरला की ती साबणाला हात लावत नसे. आधी विचारायची, “कशाचा आहे?” मग, “कधी पडला?” आणि तिसरं, “त्याला काही लावलंस का?” हे तीन प्रश्न मी पुढे पुण्यात ऑफिसात, मीटिंगमध्ये, मोठमोठ्या नावांनी ऐकले. आईचे प्रश्न जास्त नेमके होते.

आपल्या भाषेलाही हा फरक ठाऊक आहे. मळ कपड्यावर बसतो, डाग पडतो. मळ म्हणजे घाम, धूळ आणि तेलकटपणा. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं तेलाकडे. तेलाचे बारीक थेंब तो घेरतो आणि पाण्यासोबत बाहेर नेतो. भजी खाताना सांडलेलं तेलही तसंच जातं. त्यावर लगेच टाल्कम पावडर किंवा बेसन भुरभुरलं तर सुटं तेल आधीच शोषलं जातं आणि साबणाचं काम हलकं होतं. पण डाग म्हणजे रंग, आणि रंग धाग्याला धरून बसलेला असतो. तिथे नुसतं घासून धागा विरतो.

सगळ्यात मनोरंजक डाग हळदीचा. वरणाच्या पिवळ्या डागावर साबण लावला की तो लाल होतो आणि पहिल्यांदा कपडे धुणारा माणूस दचकतो. घाबरण्यासारखं काही नसतं. हळदीतलं कुर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, साबण अल्कलीधर्मी असतो. हळदीत चुना मिसळला की लाल रंग येतो, कुंकू करण्याची जुनी रीत त्यावरच चालते. साबण निघून गेला की डाग पुन्हा पिवळा दिसू लागतो. म्हणजे लाल होणं हे डाग जात असल्याचं लक्षण नाही आणि वाढल्याचंही नाही. हळदीचा खरा शत्रू ऊन. कुर्क्युमिन उजेडात टिकत नाही. धुऊन, ओलाच कपडा उलटा करून कडक उन्हात टाकायचा आणि दोन-तीन दिवस हेच करायचं. आई म्हणायची, “हळदीचं सूर्यावर सोपव.” पुण्यातल्या माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत ऊन सकाळी फक्त पाऊण तास येतं. त्यामुळे मी आमटी जपून खातो.

रक्ताचं मला उशिरा कळलं. एका उन्हाळ्यात रूममेटचा घोळणा फुटला, शर्टावर रक्त सांडलं. त्यानं तत्परतेनं गीझर सुरू केला. मी आईला फोन लावला. ती पुढचं ऐकायच्या आधीच म्हणाली, “गरम पाणी नको. थंड. आधी नुसतं थंड पाणी, मग साबण.” कारण सोपं आहे. रक्तात प्रथिनं असतात. उष्णतेनं अंड्याचा पांढरा भाग जसा घट्ट होतो तशी ती धाग्यात घट्ट बसतात. थंड पाण्यात मात्र ती सुटतात. फोन ठेवल्यावर रूममेट म्हणाला, “काकूंना कसं काय एवढं तोंडपाठ?” आम्ही दोघंही पंचविशीतले, दोघंही बहिणींसोबत वाढलेले. उत्तर समजायला आम्हाला जरा वेळ लागला, आणि समजल्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही. घरातल्या प्रत्येक बाईला बाराव्या-तेराव्या वर्षापासून जे माहीत असतं, ते आमच्यापर्यंत नाकातून रक्त आल्यावर पोचलं होतं.

प्रथिनांचे डाग काढायला आता पावडरींत एन्झाइम असतात. ओट्टो र्‍योम या जर्मन रसायनतज्ज्ञानं १९१३ साली प्राण्यांच्या स्वादुपिंडातली एन्झाइम कपडे धुण्यासाठी वापरायचं पेटंट घेतलं. जे रसायन पोटात मांस पचवतं, ते शर्टावरचं रक्तही पचवेल, असा तो सरळ विचार होता. तो विचार पुढे नेला की पैठणी या पावडरीत का भिजवायची नाही तेही कळतं. रेशीम आणि लोकर ही स्वतःच प्रथिनं आहेत.

बाकीच्यांची ओळख थोडक्यात. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून सॅनिटायझर उपयोगी पडतो. खाली जुना टॉवेल ठेवून टिपायचं, चोळायचं नाही. चहाचा डाग ताजा असताना पाण्यानं बराचसा निघतो. त्यावर इस्त्री फिरली की मुक्काम वाढतो. वाळत घालायच्या तारेचा गंज लागला तर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवायचं, कारण लिंबातलं सायट्रिक आम्ल लोखंडाला धरून पाण्यात आणतं. यादीतलं लिंबू इथे मात्र खरंच कामाचं. गंजावर क्लोरीनचं ब्लीच टाकलं तर डाग आणखी पक्का होतो. आणि ते ब्लीच कुठल्याही आम्लात, व्हिनेगरमध्ये किंवा संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुसांना इजा करतो. नीळ तर डाग काढतच नाही. पांढऱ्या कपड्याचा पिवळेपणा निळ्या छटेखाली लपवते. डोळा फसतो, कपडा आहे तसाच राहतो.

धुणं हाच ज्यांचा व्यवसाय, त्या परटांना न जाणाऱ्या डागाची गरज होती. गावभरचे कपडे एकत्र भिजणार, तर कुणाचा कुठला हे कळणार कसं? त्यासाठी ते कपड्याच्या कोपऱ्यात बिब्ब्याची खूण करत. बिब्ब्याचा रस अंगाला लागला तर फोड येतात आणि कापडाला लागला तर कापड फाटेपर्यंत जात नाही. इंग्रजांनी या फळाचं नावच मार्किंग नट ठेवलं. डाग घालवून पोट भरणाऱ्यांनी आपला हिशेब एका डागावर ठेवावा, हे मला फार आवडतं. जो डाग काही सांगतो, तो तिथे टिकावा म्हणूनच लावलेला असतो.

पण असा एक डाग मुद्दाम न लावताही पडतो. रावेर-यावलकडच्या माणसाला तो सांगावा लागत नाही. केळीचा.

केळीचा चीक अंगावर पडतो तेव्हा जवळजवळ पाण्यासारखा असतो. दिसतही नाही. मग हवा लागते. चिकातले फिनॉल गटातले पदार्थ हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतात, झाडातलंच एक एन्झाइम त्याला हात देतं आणि काही तासांत तपकिरी, मग काळपट डाग उमटतो. कापलेलं केळफूल काळं पडतं ते याच कारणानं. म्हणून आई ते चिरलं की ताक घातलेल्या पाण्यात टाकते. आंबटपणानं ते एन्झाइम मंदावतं. कपड्यावरही हाच वेळ महत्त्वाचा. डाग दिसायच्या आधी, चीक ओला असतानाच भरपूर पाण्यानं धुतलं तर बरंच वाचतं. पण घड कापताना, वाहताना, गाडी भरताना कोण थांबून शर्ट धुणार?

आमच्या भागात केळीच्या कामाचे कपडे वेगळे असतात. दोरीवर वाळत घातलेल्या शर्टावरून माणसाचं काम ओळखता येतं. घड कापणाऱ्याच्या बाह्या डागाळतात, फण्या सोडवणाऱ्याचं पोट आणि मांड्या, घड वाहणाऱ्याचा खांदा आणि पाठ. अप्पांचा डावा खांदा. आमची बाग लहान, माणसं लावणं नेहमी परवडत नाही, त्यामुळे मालक आणि हमाल एकच.

दोन वर्षांपूर्वी कंपनीत आईवडिलांना ऑफिस दाखवायचा कार्यक्रम होता. अप्पा पांढरा शर्ट घालून आले, खांद्यावर घडी केलेलं उपरणं. बाहेर पाऊस, आत एसीचा गारवा, घाम पुसायचा प्रश्न नव्हता. ग्रुप फोटोच्या वेळी फोटोग्राफर म्हणाला, “काका, तो टॉवेल काढता का?” अप्पांनी उपरण्याला हात लावला, ते जरा नीट केलं आणि खांद्यावरच ठेवलं. फोटोत ते आहे.

दुसऱ्या दिवशी तो शर्ट माझ्याकडे धुवायला पडला. डाव्या खांद्यावर तळहाताएवढा डाग होता, जुना, इस्त्रीनं पक्का झालेला. आईनं फोनवर सांगितलं: एका लग्नाहून परत येताना बागेत व्यापाऱ्याची गाडी उभी होती, माणसं दोन कमी होती आणि दुसऱ्या दिवशी भाव काय असेल याची खात्री नव्हती. अप्पा आहे त्या कपड्यांत उतरले. शर्ट चांगला म्हणून टाकवला नाही. मी मनात मागे जात राहिलो. माझ्या कॉलेजची ॲडमिशन, बँकेत शैक्षणिक कर्जाची सही, बहिणीचं स्थळ बघायला गेलो तो दिवस. सगळीकडे उपरणं डाव्या खांद्यावर. मी ती अप्पांची लकब समजत होतो.

अशा ठिकाणी कष्टाचा डाग म्हणजे अलंकार वगैरे लिहिणं सोपं असतं. मलाही सुचलं होतं. पण ते सुचणाऱ्याच्या खांद्यावर तो डाग नसतो. अप्पांना तो नको होता. शेतात त्यांना त्याची लाज नाही, तिथे सगळ्यांचेच शर्ट तसे. त्यांना तो बँकेच्या काउंटरपुढे नको होता, व्याह्यांच्या दिवाणखान्यात नको होता, आणि माझ्या ऑफिसात तर नकोच होता. मला त्या डागाचा अभिमान वाटतो की नाही, हा प्रश्नच नव्हता. शर्ट त्यांचा होता.

मी दोन दिवस घेतले. सोडियम परकार्बोनेटची पावडर आणली. ती पाण्यात ऑक्सिजन सोडते, क्लोरीनपेक्षा सुती कापडाला सौम्य. कोमट पाण्यात रात्रभर भिजवलं, धुतलं, परत भिजवलं. काळपट होता तो तपकिरी झाला, तपकिरी होता तो फिक्या चहाच्या रंगाचा झाला, आणि तिथे थांबला. आणखी जोराचं रसायन लावलं असतं तर कापड गेलं असतं. अप्पांनी खिडकीपाशी शर्ट उजेडात धरून पाहिला. म्हणाले, “पुष्कळ गेला.” मग घडी घालून पिशवीत ठेवला.

तेव्हापासून मी घरी ती पावडर पाठवतो. आईला मापं सांगितली आहेत, रेशमाला लावायची नाही हेही. तिनं उलट मला सांगितलं की अप्पांच्या मोटरसायकलच्या डिकीत आता एक जुना सदरा कायम असतो, वाटेत गाडी उभी दिसली तर अंगावर चढवायला. डागावरचा सगळ्यात चांगला इलाज हाच आहे, आणि तो कुठल्याही यादीत नाही.

मागच्या महिन्यात तिनं फोनवर हिशेब दिला. चहाचा गेला, तारेचा गंज लिंबानं गेला, हळदीचा उन्हात गेला.

“आणि केळीचा?”

“तो जरा फिका पडला.”

मागून अप्पांचा आवाज आला, “त्याला म्हणावं, पावडर संपत आली.”